देशी माशांची टाकी: आधी ठरवा, डबकं की ओढा

आपल्याकडचे देशी मासे घरच्या टाकीत जगत नाहीत, असं अनेकांना वाटतं. मासे नाजूक नसतात. बहुतेक वेळा ओढ्यातला मासा डबक्यात कोंडलेला असतो.

सह्याद्रीतल्या ओढ्यात पाणी दगडांवर आपटत वाहतं आणि हवा खेचून घेतं. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मळ्या किंवा मलबार डॅनिओसारख्या माशांना ही तूट लगेच जाणवते. टिक्टो बार्ब, झेब्रा मासा, दांडवण आणि वाळूत राहणारी मुरी यांना भातखाचरं, तळी, नदीचे संथ डोह चालतात. पहिली टाकी डबक्याचीच करावी, असं आमचं ठाम मत आहे.

३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घ्या. त्यात साधारण ८० लिटर पाणी राहतं. काच, वाळू, पाणी मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं, म्हणून स्टँड लोखंडी हवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवी. खिडकीचं ऊन टाकीवर येऊ देऊ नका, महिन्याभरात पाणी हिरवं होतं.

तळाला इंचभर चाळलेली लाल माती, शेणखत न मिसळलेली. तिच्यातलं लोह वनस्पतींना लागतं. काळी माती नकोच, ती पाण्यात फुगते आणि ढवळली की दिवसेंदिवस गढूळपणा जात नाही. मातीवर दीड इंच धुतलेली बारीक वाळू, १५ किलोच्या आसपास. क्रशरचा कच स्वस्त मिळतो, पण त्याला धार असते. मुरी स्वतःला वाळूत गाडून घेते, फक्त डोळे बाहेर ठेवते, आणि कचात तिच्या मिशा झिजून जखमा होतात. मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, पाणी जड (क्षारयुक्त) होत राहील. समुद्रावरचे शिंपलेही त्याच कारणासाठी नकोत.

पहिल्याच दिवशी वनस्पती भरपूर लावा. हायड्रिला, वॅलिसनेरिया, सेराटोफायलम आणि कडेला ब्राह्मी. हायड्रिला झपाट्याने वाढते आणि वाढताना माशांना विषारी असलेला अमोनिया शोषते, म्हणून सुरुवातीला तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि पिल्लं फस्त करतात. ४ लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटी विरघळवून त्यात वनस्पती दोन-तीन तास बुडवा, मग स्वच्छ धुऊन लावा. कास पठारावरचा वायतुरा मात्र पठारावरच राहू द्या. दुर्मीळ वनस्पती किंवा मासा रानातून उचलू नये. पैदास केलेलेच मासे मागा.

दिवा ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) एलईडी, १८ ते २० वॅट, टायमर लावून रोज ७ तास. पाणी स्पंजातून ओढून गाळणारा एक स्पंज फिल्टर पुरे.

आता चार ते सहा आठवडे मासे आणायचे नाहीत. नवशिक्यांकडून हेच होत नाही, आणि बहुतेक मासे इथेच मरतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. ही वस्ती स्पंजमध्ये आणि वाळूत सावकाश जमते. तिला अन्न म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) अनेक ठिकाणी ८च्या आसपास असतो, तिथे जास्त सावध राहा. २५ अंशांना सामू ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ असेल तर ५ टक्क्यांहून जास्त. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच ५ मासे सोडा. दोन आठवड्यांनी बाकीचे. ८० लिटरला ८ झेब्रा, ८ टिक्टो आणि ४ मुऱ्या पुरे. झाकण हवंच, झेब्रा उडी मारतो.

दर आठवड्याला पाव पाणी बदला. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरलात तर जीवाणू मरतात आणि दोन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकतात. वीज चार-सहा तास गेली असेल तर पंप चालू करण्याआधी स्पंज पिळून घ्या, कारण आत कुजलेलं पाणी असतं. मासे फक्त पहाटे वर येत असतील तर कारण वेगळं. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा. एप्रिल-मेमध्ये टाकीवर छोटा पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं.

काचेवरचं शेवाळ खायला दुकानदार सकर मासा देतो. तो घेऊ नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोकांनी सोडून दिल्यामुळे आपल्या पाण्यांत पसरला आहे, उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो. टाकीतला कोणताही मासा, देशी असला तरी, नदीत सोडू नये. त्याच्याबरोबर रोगही जातात.

शेवाळासाठी आपला मळ्या आहे. कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांना नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द घेतले, मळ्याच्या शास्त्रीय नावातला, गारा मुल्यातला, ‘मुल्या’ हा त्यांतलाच एक. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि हनुवटीला चकती. ती दगडाला चिकटवून तो वाहत्या पाण्यात जागचा हलत नाही आणि शेवाळाचा पातळ थर खरवडतो. पण हा ओढ्यातला. त्याच्यासाठी वेगळी टाकी करा, गुळगुळीत गोटे, तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरवणारा पंप, आणि कोपऱ्यात फटही न ठेवणारं झाकण. ओल्या काचेवर तो चढतो.

डबक्याच्या टाकीत पावसाळ्याची वाट बघा. जूनमध्ये एकदा एक-तृतीयांश पाणी काढून किंचित थंड पाणी भरा. पुढच्या सकाळी टिक्टोचे नर माद्यांमागे हायड्रिलात घुसतात. अंडी सहज दिसत नाहीत आणि आई-बापच ती खातात, म्हणून तो झुपका उचलून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या बरणीत ठेवा. एक-दोन दिवसांत बरणीच्या काचेला काचेच्याच बारीक काड्यांसारखी पिल्लं लटकलेली दिसतात. ती पोहू लागेपर्यंत त्यांना काही घालू नका.