कापडावर छायाचित्र उतरवणे

कागदावरचे किंवा संगणकातले छायाचित्र कापडावर घेऊन त्यापासून गोधडी, उशीचा अभ्रा, पिशवी, भिंतीवरचा पट अशा वस्तू करण्याचे तंत्र. पद्धती बऱ्याच आहेत. निवड करताना मात्र एकच गोष्ट आधी पाहावी: चित्र कापडावर थर होऊन बसते की धाग्यात मुरते. कापडाचा पोत, धुण्यातला टिकाऊपणा आणि सुई नीट चालते की नाही, हे बहुतांशी त्यावरच ठरते.

धाग्यात मुरणाऱ्या पद्धतींत सायनोटाइप बरीच जुनी. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती १८४२ मध्ये शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण सुती कापडाला लावून ते अंधारात वाळवतात आणि वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरतात. अतिनील किरण पोचतात तिथे प्रशियन निळा रंग तयार होतो. उरलेले रसायन साध्या पाण्याने निघून जाते. कापड पहिल्यासारखेच मऊ राहते. चित्र अर्थातच निळ्या छटांचे. या रंगाला अल्कली सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने तो पिवळट पडतो, ब्लीचने तर चित्रच जाते.

सब्लिमेशनमध्येही रंग धाग्यातच शिरतो, पण तो धागा पॉलिएस्टरचा लागतो. साधारण १९० ते २०० अंश सेल्सियसला कागदावरच्या शाईची थेट वाफ होते आणि ती तंतूत शिरते. सुती कापडावर चित्र फिके उमटते आणि धुतले की बरेचसे निघून जाते. या शाईत पांढरा रंग नसल्याने कापड पांढरे किंवा अगदी फिके हवे.

घरगुती कामात सर्वाधिक चालतो तो इस्त्रीचा ट्रान्सफर पेपर. त्यावरचा प्लास्टिकसारखा थर उष्णतेने वितळून चित्रासकट कापडाला चिकटतो. फिक्या कापडासाठी चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते. हे विसरले की फोटोतल्या पाटीवरची अक्षरे लगेच चुगली करतात. गडद कापडाच्या कागदाला पांढरा अस्तरथर असतो आणि छापील बाजू वरच राहते, म्हणून तिथे चित्र सुलटेच छापतात. इस्त्री कोरडी हवी. वाफेच्या भोकांखाली पुरेशी उष्णता पोचत नाही आणि तेवढे ठिपके नीट चिकटत नाहीत. खाली गादी लावलेला इस्त्रीचा बोर्डही नको, कडक सपाट पृष्ठभाग घ्यावा. पुढे कधीही अशा चित्रावर थेट इस्त्री फिरवू नये, उलट बाजूने करावी.

जेल मीडियमची पद्धत वेळखाऊ, पण हाताला गोडी लावणारी. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सवर ॲक्रिलिक जेल मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारा, डिंकासारखा घट्ट पदार्थ) लावून ती कापडावर पालथी दाबतात आणि रात्रभर वाळू देतात. मग कागद ओला करून बोटाच्या पेराने हलकेच चोळत त्याचा लगदा काढायचा. ओले असताना चित्र स्वच्छ दिसते आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरके होते, कारण कागदाचे तंतू उरलेले असतात. म्हणून हे दोन-तीनदा करावे लागते. घाई करून जोरात चोळले तर चित्रही सोलून निघते. द्रावकाने, म्हणजे छापील शाई विरघळवणाऱ्या द्रवाने, प्रतिमा उतरवण्याचा मार्ग वेगळा. अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘होरफ्रॉस्ट’ मालिकेत छापील प्रतिमा याच मार्गाने तलम कापडांवर उतरवल्या.

पद्धत कोणतीही असो, नवे कापड आधी धुऊन खळ काढावी लागते. सॉफ्टनर वापरू नये. विणीने घट्ट, गुळगुळीत कापडावर चेहरे स्पष्ट येतात, जाड्याभरड्यावर डोळे-ओठ विस्कटतात. छापतानाच चारही बाजूंना शिवणीसाठी माया सोडावी, नाहीतर कडेला उभ्या माणसाचा खांदा टाक्यात जातो. थर बसवलेल्या चित्रात सुईचे भोक बुजत नाही; तिथे उसवून पुन्हा शिवण्याची सोय नसते. गोधडीचे टाके म्हणून चित्राच्या कडेने घालतात, चेहऱ्यावरून नाही.