पॉलिशच्या खालचं लाकूड

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत हल्ली टेरेसवर, मोठ्या बाल्कनीत लाकडी डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, दिसतो. दोन-तीन पावसाळे उलटले की त्याचं पॉलिश पापुद्रे धरतं, खालचं लाकूड करडं पडतं आणि पॉलिशवाल्याला सांगितलं जातं, "वरून एक हात मारून द्या." हा हातही लवकरच सुटतो. मग डबा बदलला जातो, कंपनी बदलली जाते. पण दुखणं लाकडात असतं.

लाकडात निम्म्याच्या आसपास सेल्युलोजचे तंतू असतात. ते एकमेकांना धरून राहतात ते लिग्निन नावाच्या डिंकामुळे. सेल्युलोज उन्हात बराच तग धरतं. लिग्निन मात्र अतिनील किरण शोषतं आणि त्याचे रेणू तुटतात. हे तुकडे पाण्यात विरघळतात. एप्रिल-मेचं ऊन डिंक फोडतं आणि जून-जुलैचा पाऊस तो धुऊन नेतो. मागे उरतात सुटे, फिकट तंतू. त्यांवर काळपट बुरशी धरते आणि फळी करडी दिसू लागते.

खात्री करायची असेल तर अशा फळीवर सेलोटेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिकट बाजूला बारीक करडी तुसं आलेली दिसतील. नवं पॉलिश याच तुसांना धरून बसतं, आणि तीच सुटी असल्यामुळे महागातलं पॉलिशही त्यांच्यासकट निघून येतं.

ही झीज उथळ असते, हे आपलं नशीब. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकेही खोल जात नाहीत. जुनं पॉलिश रिमूव्हर लावून, पत्रीने खरवडून काढलं आणि ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासलं, की खालचं धडधाकट लाकूड वर येतं. पुष्कळ कारागीर दारं घासायच्या सवयीने इथेही २२० नंबरपर्यंत जातात. डेकला इतका गुळगुळीतपणा नको. तेल आत मुरायला पृष्ठभाग थोडा मोकळा हवा.

स्क्रूंभोवतीचे निळे-काळे डाग घासून पुरते जात नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य ओलाव्यात एकत्र आलं की ते पडतात, आणि खाडीकडच्या खारट हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात. ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी लावलं की ते लोखंड स्वतःशी बांधून घेतं आणि डाग उतरतो. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा घालूनच लावावं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू टाकले नाहीत, तर डाग पुन्हा येणारच.

यानंतर घाई करू नये. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं; पावसाळी हवेत आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की तेच २० टक्क्यांच्या आसपास जातं. त्याबरोबर फळी रुंदीत फुगते, मग आक्रसते. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या या हालचालीत वरचा कडक, चकचकीत थर तडकतो, फटीतून पाणी आत शिरतं आणि थर आतून सुटतो. म्हणून उघड्यावरच्या डेकला जाड पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वॉर्निश देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आत मुरणारं, रंगद्रव्य असलेलं तेल द्यावं. त्यातलं लोह ऑक्साइडचं रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं. बिनरंगाचं साधं तेल हे काम करत नाही.

आपल्याकडे या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे कोरडे दिवस उत्तम. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. मुरले तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे. मोत्यांसारखे उभे राहिले तर जुनं पॉलिश अजून शिल्लक आहे. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्तीचा हात द्यावा, कारण तिथून पाणी सगळ्यात वेगाने आत जातं. वर राहिलेलं तेल पुसून घ्यावं.

पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. डेकच्या तेलात बहुधा असणारं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडली की फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा बाहेर एकेक पसरून पुरती वाळू द्यावीत. त्याआधी कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.