एसयूव्ही, जुनी एमजी आणि मधला पाऊण इंच

पामबीच रोडवर एखादी जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार दिसली की शेजारच्या एसयूव्हीशी तुलना होतेच. गाडी एमजीची असेल तर जास्तच, कारण तोच अष्टकोनी बिल्ला आज ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या हेक्टर या एसयूव्हीवरही आहे. मधल्या काळात इंग्लंडमधला मूळ कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि नाव पुढे चिनी मालकीकडे गेलं. १९४५ ते १९४९ दरम्यान बनलेल्या टीसी या एमजीच्या टू-सीटरचं इंजिन १,२५० सीसीचं, ताकद जेमतेम ५४ हॉर्सपॉवर. २०१९ मध्ये आलेल्या हेक्टरच्या पेट्रोल इंजिनाची १४०च्या वर. इथे तुलना संपायला हवी.

ती संपत नाही, कारण एसयूव्ही म्हणजे काय हे आपल्याकडे रस्त्याने नाही, करखात्याने ठरवलं. २०१३च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं अबकारी शुल्क २७वरून ३० टक्के झालं. निकष तीन : लांबी ४,००० मिमीहून जास्त, इंजिन १,५०० सीसीहून मोठं, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) किमान १७० मिमी. लगेच एका देशी कंपनीने आपल्या गाजलेल्या गाडीचा क्लिअरन्स २००वरून १६० मिमीवर आणला. कर वाचला. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे चार सेंटिमीटर कुठून गेले ते कळलं असेल.

जीएसटीत गोंधळ वाढला. सप्टेंबर २०१७ मध्ये एसयूव्हीवरचा उपकर (जीएसटीवर लागणारा जादा कर) १५वरून २२ टक्के झाला, पण गाडी ‘एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी’ हवी, अशी चौथी अटही होती. ओळखणार कोण? डिसेंबर २०२२ मध्ये चारही अटी एकत्र लागू, असा खुलासा झाला; जुलै २०२३ मध्ये नावाची अट गेली आणि क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा ठरलं. गंमत हेक्टरची. डिझेल इंजिन १,९५६ सीसीचं म्हणून ती एसयूव्ही. पेट्रोल १,४५१ सीसीचं, म्हणून तोच सांगाडा कराच्या लेखी एसयूव्ही नाही!

आणि टीसी? १९ इंची तारांच्या चाकांवर तिचा क्लिअरन्स सहा इंचांच्या आसपास, म्हणजे सरकारी व्याख्येतल्या एसयूव्हीपेक्षा साधारण पाऊण इंच कमी.

‘विंटेज’चंही तसंच. शौकीन १९३० पर्यंतच्याच गाड्यांना विंटेज मानतात; २०२१चा नियम पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या सगळ्यांना मानतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र मनाई.

सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आला. पेट्रोलवरच्या छोट्या गाडीची मर्यादा १,२०० सीसी. साडेतीन मीटरची टीसी आज नवी आली असती तर ५० सीसीने मोठ्या गाडीत मोजली गेली असती.