राष्ट्रीय विजेता ठरवायचा कोणी? अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. बास्केटबॉलचा राष्ट्रीय विजेता ती १९३९ पासून स्पर्धा भरवून ठरवते. कुस्ती, पोहणं, बेसबॉल यांचंही तसंच. अपवाद फक्त एकाचा, आणि नेमका सर्वांत लोकप्रिय खेळाचा. वरच्या श्रेणीच्या अमेरिकन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता एनसीएएने आजवर एकदाही ठरवलेला नाही. दर जानेवारीत जो करंडक उंचावला जातो, तो विद्यापीठांच्या गटांनी, म्हणजे कॉन्फरन्सनी, आपसांत करार करून उभ्या केलेल्या व्यवस्थेचा. मिशिगनला किंवा पर्ड्यूला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून डिसेंबरात "अमुक संघावर अन्याय झाला" असं ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे.

कॉन्फरन्स जन्मल्या तेव्हा देशाचा विजेता शोधणं हा कुणाचाच हेतू नव्हता. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला १८६९ चा सामना पहिला मानला जातो. पुढच्या पंचवीस वर्षांत खेळ इतका फोफावला, की विद्यार्थी नसलेले पैसे घेणारे खेळाडू सर्रास उतरू लागले. त्याला आवर घालायला मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांचे प्रमुख १८९५ मध्ये शिकागोत जमले आणि त्यातून आजची बिग टेन कॉन्फरन्स उभी राहिली. आग्नेयेकडची एसईसी १९३२ ची. प्रवास रेल्वेचा, त्यामुळे सामने शेजाऱ्यांशीच. मिशिगन आणि ओहायो स्टेट १८९७ पासून भिडताहेत. अलाबामा आणि ऑबर्न १८९३ पासून, पण १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता किती आणि पंच कुठला यावरून त्यांचं असं फाटलं, की एकाच राज्यातली ही दोन विद्यापीठं थेट १९४८ मध्येच पुन्हा समोरासमोर आली. भाऊबंदकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा ठिकाणी शेजाऱ्याला हरवणं हेच वर्षाचं सार्थक. देशात पहिलं कोण, हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न विचारला वर्तमानपत्रांनी. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने १९३६ मध्ये पत्रकारांची मतं घेऊन साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकांना वाद घालायला काहीतरी हवं, हा त्यामागचा उघड हिशेब होता. पहिल्या वर्षी मिनेसोटा पहिलं आलं. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांच्या मतांची दुसरी क्रमवारी काढली. म्हणजे मैदानावर न खेळलेला अंतिम सामना दोन ठिकाणी कागदावर निकाली निघू लागला.

हंगाम संपल्यावर १ जानेवारीच्या आसपास 'बाऊल' सामने व्हायचे. त्यांतला सर्वांत जुना कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा रोझ बाऊल, १९०२ चा. प्रवासी यावेत, हॉटेलं भरावीत म्हणून शहरांनी भरवलेले हे सामने. गंमत अशी, की बहुतेक काळ शेवटची क्रमवारी या सामन्यांच्या आधीच लागायची. एपीने १९६५ मध्ये प्रयोग म्हणून बाऊल सामन्यांनंतर मतं घेतली. पहिला आणि दुसरा संघ हरला, चौथ्या क्रमांकाच्या अलाबामाने तिसऱ्या नेब्रास्काला हरवलं आणि विजेतेपद पटकावलं. पुढच्याच वर्षी एपी जुन्या पद्धतीवर परतली. १९६६ मध्ये नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट यांची १०-१० अशी बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटाला चेंडू हातात असूनही नोत्र दामने धोका न पत्करता वेळ काढला. बाऊल सामने न खेळण्याचं नोत्र दामचं तेव्हा धोरणच होतं, आणि बिग टेनच्या नियमानुसार मिशिगन स्टेटला लागोपाठ दुसऱ्या वर्षी जाता येत नव्हतं. तरी तेच दोघे पहिले-दुसरे ठरले आणि एकही सामना न हरलेलं, बरोबरीही न केलेलं अलाबामा तिसरं. दक्षिणेत ही सल अजून आहे. त्याच वेळी हेही सांगायला हवं, की अलाबामाच्या त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि मतं देणाऱ्यांपैकी काहींना ते खटकलं असेल तर त्यात मला गैर वाटत नाही.

या व्यवस्थेतलं सगळं बरं-वाईट एका वर्षात पाहायचं तर १९७३ घ्यावं. २४ नोव्हेंबरला मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, मिशिगन आणि ओहायो स्टेट, दोघेही अपराजित, एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर उतरले. मध्यंतराला ओहायो स्टेट १०-० असं पुढे होतं. मिशिगनने चौथ्या सत्रात बरोबरी साधली. मग अखेरच्या क्षणांत त्यांच्या दोन किक हुकल्या आणि सामना १०-१० वर संपला. कॉन्फरन्सचं विजेतेपद वाटून गेलं, पण पश्चिम किनाऱ्याच्या विजेत्याशी खेळायला रोझ बाऊलला जाणार एकच. बिग टेनचा नियम असा कडक, की रोझ बाऊल मिळाला नाही तर दुसऱ्या कुठल्याही बाऊलला जायचं नाही. लागोपाठ दुसऱ्या वर्षी न जाण्याचा नियम तोवर उरला नव्हता, तरी आदल्या वर्षी ओहायो स्टेट जाऊन आलं होतं, म्हणून या खेपेस मिशिगनच जाणार असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सच्या दहा क्रीडा संचालकांनी मतदान केलं आणि ६ विरुद्ध ४ मतांनी ओहायो स्टेटला पाठवलं. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हातात असलेला खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याचं गळपट्टीचं हाड त्या सामन्यात मोडलं होतं. जखमी संघ पश्चिमेच्या विजेत्यापुढे टिकणार नाही, ही धास्ती त्या मतांमागे होती असं तेव्हापासून बोललं जातं. एकही सामना न हरलेले खेळाडू घरी बसले. प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांनी हा निर्णय शेवटपर्यंत माफ केला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत मिशिगनने ३० सामने जिंकले, दोन गमावले, एक बरोबरीत सोडवला, आणि बाऊल सामना एकही खेळलं नाही. हा नियम १९७५ मध्ये गेला.

त्याच १९७३ मध्ये प्रशिक्षकांच्या क्रमवारीने डिसेंबरातच अलाबामाला राष्ट्रीय विजेता जाहीर केलं. ३१ डिसेंबरच्या रात्री शुगर बाऊलमध्ये नोत्र दामने त्याच अलाबामाला २४-२३ असं हरवलं आणि एपीचा मान मिळवला. विजेता म्हणून अलाबामाचं नाव आजही नोंदीत आहे. इतकं झाल्यावर मात्र पुढल्या वर्षापासून प्रशिक्षकही बाऊल सामने संपेपर्यंत थांबू लागले.

पैशाने चित्र पालटलं ते १९८४ मध्ये. तोवर दूरचित्रवाणीवर कोणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा निकालाने ही मक्तेदारी मोडली. प्रक्षेपणाचे हक्क आता विद्यापीठांच्या आणि त्यांच्या कॉन्फरन्सच्या हाती आले. त्यापुढची प्रत्येक घडामोड या निकालाच्या पोटात आहे.

१९९० मध्ये कोलोरॅडो आणि जॉर्जिया टेक, १९९१ मध्ये मायामी आणि वॉशिंग्टन, १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का असे दोन-दोन विजेते झाले. शेवटी १९९८ मध्ये क्रमवाऱ्या आणि संगणकाचे गुण एकत्र करून पहिल्या दोघांना भिडवणारी बीसीएस पद्धत आली. तीही पुरी पडली नाही. २००३ मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) असे दोन विजेते झालेच. २००४ मध्ये ऑबर्न सगळे सामने जिंकूनही बाहेर राहिलं. २०११ च्या हंगामाचा अंतिम सामना एसईसीच्याच अलाबामा आणि एलएसयू यांच्यात झाला, तेव्हा बाकीच्या कॉन्फरन्सचा संयम संपला. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. संघ निवडायला समिती आली, म्हणजे मतदान संपलं नाही, मतदार कमी झाले. २०२३ मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकून आपली कॉन्फरन्स जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला समितीने पाचवं ठेवलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी होता. १९७३ चं मिशिगन आठवलेले लोक त्या दिवशी कमी नसावेत.

२०२४ पासून बारा संघ खेळतात. बाद फेरी हवीच होती. मैदानावरचा निकाल कुठल्याही मतदानापेक्षा बरा. पण त्यासोबत जे गेलं तेही मोठं आहे. प्रक्षेपणाच्या पैशामागे टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, यूएससी आणि यूसीएलए हजारो मैल दूरच्या बिग टेनमध्ये. १९१५ पासूनची पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ एका उन्हाळ्यात मोडली आणि मागे उरले फक्त ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट. शंभर वर्षांहून जुनी ओक्लाहोमा-ओक्लाहोमा स्टेट ही लढत २०२३ नंतर थांबली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ ला तुटलेली लढत मात्र याच उलथापालथीत २०२४ मध्ये पुन्हा जुळली, एवढाच दिलासा.

बारा संघांच्या पहिल्याच हंगामात, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३-१० असं हरवलं. एकेकाळी अशा पराभवाने वर्ष मातीत गेलं असतं. ओहायो स्टेटला आठवं मानांकन मिळालं, त्यांनी पुढचे चारही सामने जिंकले आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ असं नमवून ते राष्ट्रीय विजेते झाले. आता संघांची संख्या आणखी वाढवण्याची चर्चा आहे. बिग टेनला स्वतःसाठी आणि एसईसीसाठी प्रत्येकी चार जागा राखीव हव्या होत्या; एसईसीच्या प्रशिक्षकांचा कल समितीने जास्त संघ निवडावेत याकडे होता. २०२६ पासूनच्या करारानुसार स्पर्धेचं स्वरूप ठरवण्याचा मुख्य अधिकार या दोन कॉन्फरन्सकडे आहे, आणि उत्पन्नातला निम्म्याहून मोठा वाटाही त्यांचाच.