कॉरुगेट

कॉरुगेट : सुरकुत्या पडणे किंवा पाडणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. लॅटिनमध्ये ‘रूगा’ म्हणजे सुरकुती. त्यावरून ‘कॉर्रुगारे’ हे क्रियापद झाले आणि तेच इंग्रजीत उतरले. चेहऱ्यावरच्या, कापडावरच्या कशाही सुरकुत्यांना इंग्रजीत ‘रिंकल’ चालतो. कॉरुगेटमध्ये मात्र आज एकाआड एक, सारख्या अंतराने पडलेल्या उंचसखल घड्या अपेक्षित असतात.

पत्र्याला चिकटण्याआधी हा शब्द शरीराचा होता. भुवया आत आणि खाली ओढून कपाळाच्या मध्यभागी उभ्या आठ्या पाडणाऱ्या स्नायूचे शास्त्रीय नाव आजही ‘कॉरुगेटर सुपरसिलिआय’ असेच आहे. बोटॉक्सचे इंजेक्शन आठ्या घालवण्यासाठी देतात ते मुख्यतः याच स्नायूला सैल पाडण्यासाठी.

‘रूगा’चे दुसरे घराणे याहून विलक्षण आहे. लोकांच्या बोलीत सुरकुतीवरून चर आणि चरावरून घरांच्या दोन रांगांमधली वाट, असा अर्थ सरकत गेला. फ्रेंच ‘र्यू’ आणि पोर्तुगीज ‘रुआ’ हे रस्त्याचे शब्द त्यातूनच आले. पणजीत फोंतेन्यासमधल्या जुन्या रस्त्यांच्या नावांत ‘रुआ’ वाचायला मिळतो, तो या शब्दाचा सख्खा भाऊबंद!

लोखंडाशी गाठ पडली ती लंडनच्या गोदीत. तेथील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने 1829 मध्ये नागमोडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पातळ पत्रा दोन टोकांवर ठेवला की मध्ये झोल पडतो. त्यालाच पन्हळी पाडल्या की धातू मधल्या पातळीपासून वर-खाली विभागला जातो आणि पन्हळींच्या लांबीच्या दिशेने पत्रा वाकेनासा होतो. आडवा मात्र सहज वळतो. 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेल या अभियंत्याने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे हा मुलामा पत्र्यावर चढला, गंजाची धास्ती कमी झाली आणि पत्रा जगभर गेला. पुठ्ठ्याच्या खोक्यातला मधला नागमोडी कागदही याच तत्त्वावर वजन पेलतो.

मराठीत यासाठी ‘पन्हळी पत्रा’ हा नेमका शब्द रूढ आहे. छपरावर तो बसवताना हुकबोल्ट पन्हळीच्या माथ्यावर मारतात, खोलगट भागात नाही. पावसाचे पाणी खोलगट भागातून वाहते. तिथे भोक पडले की वायसर कितीही घट्ट आवळला तरी गळती लागण्याची भीती राहतेच.