अंगकाठी एक, कुळे दोन

इंदूरला सिरपूर तलावाच्या बांधावर किंवा राजेंद्र नगरातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणापाशी ऊन चढू लागले की मुंगूस दिसतेच. टीव्हीवर युरोपातले वीझल पाहिलेली मुले त्याला बिनदिक्कत वीझल म्हणतात. लांबट अंग, आखूड पाय, निमुळते तोंड. गफलत होणे साहजिक आहे. पण मुंगसाचे जवळचे आप्त तरस, उदमांजर आणि मांजर, तर वीझल हे पाणमांजराच्या कुळातले, म्हणजे कुत्रा आणि अस्वल ज्या बाजूला आहेत तिकडचे. मांसभक्षकांच्या या दोन शाखा 4 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

मग अंगकाठी सारखी कशी? दोघांनाही बिळात शिरून शिकार गाठता येते म्हणून. मांजर बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसते. वीझलचे डोके आत गेले की मागचे सगळे अंग जाते. मात्र सडपातळ शरीरातून उष्णता भराभर निघून जाते आणि चरबी साठवायला जागा उरत नाही. म्हणून जेमतेम शंभर-एक ग्रॅम वजनाच्या या प्राण्याला रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त मांस लागते, आणि जास्तीची शिकार ते बिळात साठवून ठेवते. भारतात वीझल हिमालयात आहेत, माळव्यात नाहीत. त्यांचे भाऊबंद मात्र इथे आहेत. महूजवळच्या जानापाव टेकडीवर उगम पावणारी चंबळ खाली अभयारण्यात पोचते, तिथे पाणमांजरे आहेत; मध्य प्रदेशच्या जंगलात चांदी अस्वलही (रॅटेल) आहे, नाव अस्वलाचे असले तरी कूळ वीझलचेच.

आपले राखाडी मुंगूस साधारण एक ते दीड किलोचे, आणि शेपूट जवळपास अंगाइतकेच लांब. एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे असतात, त्यामुळे लांबून अंगावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे दिसते. शेपटीचे टोक काळे आणि वर वळलेले असेल तर ते तांबूस मुंगूस, झाडीझुडपातले. रात्री गच्चीवर धाडधाड आवाज येत असेल आणि सकाळी भिंतीवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली, तर ते उदमांजर. मुंगूस दिवसा हिंडणारे आहे. मोठे अंडे मिळाले की मुंगूस ते पुढच्या पायांत धरते, दगडाकडे पाठ करते आणि मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडते.

सापाच्या विषापुढेही दोन्ही कुळांनी आपापली वाट शोधली आहे. नागाचे विष स्नायूंवरच्या ज्या ग्राहकांना (मज्जातंतूंचा संदेश टिपणाऱ्या रेणूंना) चिकटून शरीर लुळे पाडते, ते ग्राहक मुंगसात साखरेच्या रेणूंनी झाकलेले असतात, म्हणून विषाला तिथे बसता येत नाही. चांदी अस्वलातही नागविषाला अडवणारा बदल आहे, पण वेगळा: तिथे त्या ग्राहकातले एक अमिनो आम्लच बदलले आहे. तरीही मुंगूस वाचते ते मुख्यतः चपळाईने. रक्त आणि ऊती बिघडवणाऱ्या घोणसच्या विषापुढे ग्राहकांची ही तजवीज उपयोगाची नाही.

हे प्राणी आपल्या मुलखाबाहेर नेले की काय होते, हे माणसाने वारंवार पाहिले. 1872 मध्ये उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला भारतातून मुंगसे जमैकात नेली, तिथून 1883 मध्ये हवाईत. उंदीर बाहेर पडतात मुख्यतः रात्री, मुंगूस दिवसा. मग मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपवायला घेतले. न्यूझीलंडमध्ये सशांवर उपाय म्हणून 1880 च्या दशकात वीझल आणि त्यांचे मोठे भाऊ स्टोट सोडले, तिथेही झळ पक्ष्यांनाच बसली. जपानच्या अमामी बेटावर 1979 मध्ये साप मारायला सोडलेली मुंगसे पुरती हटवल्याची घोषणा व्हायला 2024 उजाडले.

आपल्या आवारात मात्र मुंगूस हक्काचे आहे, आणि त्याला सर्वांत मोठा धोका उंदरांच्या औषधाचा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस मंदावत जातो, आणि मंद उंदीर मुंगसाला सहज सापडतो. विष उंदराच्या यकृतात टिकून असते, ते मुंगसाच्या पोटात जाते आणि त्याचे रक्त गोठायचे थांबते. घुबडांचेही असेच होते. घरात पिंजरा लावावा, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे. बाहेर वड्या टाकूच नयेत. कोंबड्या असतील तर साधी कोंबडी-जाळी पुरत नाही, अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण मुंगूस उकरून आत येते. उघड्या टाकीत खरखरीत फळी तिरपी टाकून ठेवावी, म्हणजे पडलेले पिल्लू चढून बाहेर येईल. मुंगूस पकडणे, पाळणे किंवा त्याच्या केसांचे रंगकामाचे ब्रश विकणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ब्रश घेताना नायलॉनचाच मागावा.