शालेय इतिहास आणि पुण्याचा स्थानिक वारसा : पार्श्वभूमी

पुण्यात स्थानिक इतिहासाच्या साधनांचे संकलन फार लवकर सुरू झाले, पण ती साधने शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचायला पुढे अनेक दशके लागली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्याच काळात शाळांमध्ये मात्र राजवटी, लढाया आणि सनावळी यांवरच भर राहिला.

परिसराशी शिक्षण जोडण्याचा आग्रह महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा योजनेत धरला होता. १९६७ मध्ये पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. तिसरीसाठी जिल्हावार परिसर अभ्यास आणि चौथीसाठी शिवचरित्र अशी रचना कालांतराने रुळली. शिवनेरी, पुरंदर, राजगड, लाल महाल ही शिवचरित्रातील स्थळे पुणे जिल्ह्यातील मुलांना प्रत्येकी एका दिवसाच्या सहलीत पाहता येतात. तरीही ही सहल बहुधा छायाचित्रांवरच संपते आणि तटबंदी किंवा पाण्याची टाकी यांच्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय लागत नाही, ही उणीव मला गंभीर वाटते.

पुण्याच्या पाण्याचा इतिहास या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून बांधीव भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले. ते केवळ उताराच्या जोरावर वाहत येऊन पेठांमधील हौदांत पडत असे. नळाचा मार्ग नकाशावर आखताना चढउतार, पेठांची वाढ आणि राज्यकर्त्यांची कर्तव्ये हे तिन्ही विषय मुलांसमोर आपोआप येतात. त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: हौदावर पाणी भरण्याची मुभा कोणाला होती? महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला, आणि गंज पेठेतील फुले वाड्यात तो हौद आजही पाहता येतो. पेशवाई आणि समाजसुधारणा हे पाठ्यपुस्तकात दूरदूर पडलेले दोन धडे येथे एकमेकांना भिडतात.

दहावीच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास (म्हणजे इतिहासाच्या ज्ञानाचा वर्तमानात उपयोग) आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र प्रकरणे आली, ही या वाटचालीतील मोठी पायरी होय. मौखिक साधने मिळवण्याच्या कामाला मात्र विलंब परवडणारा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेला पूर ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, ते पुणेकर आज सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले आहेत, आणि त्यांतील अनेकांची नातवंडे-पतवंडे शाळेत आहेत.